न पोचलेली पत्रे

एडगर ॲलन पो हे नाव घेतले, की आपल्यापुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. काळा कोट, रुंद कपाळ, खोल गेलेले डोळे आणि मध्यरात्री दारावरच्या पुतळ्यावर येऊन बसलेला तो डोमकावळा. आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना तो परीक्षेपुरता माहीत असतो. भयकथेचा बादशहा, गुप्तहेरकथेचा जनक आणि दारूपायी वाया गेलेला प्रतिभावंत, हे तीन मुद्दे मांडले की दहा गुणांचा प्रश्न सुटतो. गेल्या वर्षी मीही तो तसाच सोडवला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र ग्रंथालयातून त्याचे एक जाडजूड चरित्र घरी नेले. दुपारच्या वेळी माझी आत्या तांदूळ निवडत बसे आणि मी वाचलेला भाग तिला मराठीत सांगत असे. आत्या ऐन पस्तिशीत विधवा झाली. दोन मुले आणि प्राथमिक शाळेतली नोकरी एवढ्यावर तिने संसार निभावला. मी लहान असताना तिच्या कॉलेजच्या दिवसांतले एक गृहस्थ एकदा घरी आले होते, चहा झाला, बाहेरच्या खोलीत बराच वेळ हळू आवाजात बोलणे झाले, आणि ते गेले ते पुन्हा आले नाहीत, एवढे मला अंधुक आठवते. त्याविषयी आमच्या घरात कुणी कधी बोलत नाही.

पोच्या मृत्यूपर्यंत येऊन मी पुस्तक मिटले, तेव्हा आत्याने एकच प्रश्न केला. त्या बाईचे पुढे काय झाले? मला उत्तर देता आले नाही. नायक मेला की गोष्ट संपली, असेच मी धरून चालले होते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे मी शोधलेले उत्तर आहे. त्यासाठी वाचकांना थोडे मागे, १८२५ सालच्या अमेरिकेत न्यावे लागेल.

पोचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बोस्टन येथे झाला. आई आणि वडील दोघेही रंगभूमीवरचे नट. वडील घर सोडून गेले, आणि डिसेंबर १८११ मध्ये आई रिचमंड शहरी वारली. तेव्हा एडगर तीन वर्षांचाही नव्हता. तीन भावंडे तीन घरी वाटली गेली. एडगर रिचमंडमधील जॉन ॲलन या तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे गेला. ॲलनच्या पत्नीने, फ्रान्सिसने, त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले. ॲलनने त्याला आपले आडनाव दिले, पाच वर्षे इंग्लंडात शिकवले, पण कायद्याने दत्तक कधीच घेतले नाही. मुलगा म्हणून वाढवायचे आणि वारस म्हणून नाकारायचे, अशी ही दोन दगडांवरची अवस्था. पोच्या पुढील आयुष्यातले पुष्कळसे दुःख या एका गोष्टीतून निघालेले दिसते.

१८२५ साली ॲलनला त्याच्या मामाची मोठी इस्टेट मिळाली आणि त्याने रिचमंडमध्ये एक प्रशस्त घर विकत घेतले. या घराच्या शेजारी रॉयस्टर कुटुंब राहत असे. त्यांची मुलगी सारा एल्मायरा. ती पंधरा वर्षांची, हा सोळा वर्षांचा. एल्मायराने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींतून तो मुलगा आपल्याला दिसतो. तो देखणा होता, फार बोलत नसे, पण बोलू लागला की ऐकत राहावे असे बोले. त्याला संगीत आवडे, चित्रे काढता येत. त्याची मुद्रा मात्र बहुधा उदास असे. दोघांनी एकमेकांना लग्नाचे वचन दिले. घरच्यांना यातले काही ठाऊक नव्हते.

फेब्रुवारी १८२६ मध्ये पो शार्लट्सव्हिल येथील व्हर्जिनिया विद्यापीठात दाखल झाला. थॉमस जेफर्सनने स्थापलेले हे विद्यापीठ तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. तेथून त्याने एल्मायराला पत्रांमागून पत्रे लिहिली. तिच्याकडून एकाचेही उत्तर आले नाही. उत्तर येणार तरी कसे? ती पत्रे तिच्या हाती पडतच नव्हती. मुलीच्या वडिलांनी ती मधल्यामध्ये अडवून ठेवली होती. त्यांना मुलाविषयी दुसरा काही आक्षेप नव्हता, दोघांचे वय लहान आहे एवढेच त्यांचे म्हणणे होते, असे एल्मायरानेच पुढे सांगितले आहे. एक बाप आपल्या समजुतीप्रमाणे मुलीचे हित पाहत होता. शार्लट्सव्हिलला बसलेल्या मुलाला वाटत होते की ती आपल्याला विसरली. रिचमंडला बसलेल्या मुलीला वाटत होते की तो आपल्याला विसरला. दोघांनाही खरे कळायला उशीर झाला.

इकडे ॲलन पुरेसे पैसे पाठवीना. पोने जुगार खेळून ती तूट भरून काढायचा प्रयत्न केला आणि सुमारे २,००० डॉलरचे कर्ज करून बसला. ॲलनने ते फेडण्यास नकार दिला. वर्षअखेर विद्यापीठ सुटले. मार्च १८२७ मध्ये पालकाशी कडाक्याचे भांडण करून पोने घरही सोडले. बोस्टनला जाऊन, खोटे नाव आणि खोटे वय सांगून, तो सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला. त्याच वर्षी त्याचे पहिले पुस्तक निघाले. त्यावर कवीचे नाव नव्हते, एक बोस्टनवासी एवढेच छापले होते. प्रती पन्नासच्या आसपास. त्यातली प्रमुख कविता तैमूरलंगावर आहे. आपल्याला इतिहासात भेटतो तो दिल्ली लुटणारा तैमूर. पोचा तैमूर मात्र मरणाच्या दारात उभा राहून पश्चात्ताप करतो, कारण राज्य जिंकण्याच्या नादात त्याने लहानपणीची प्रेयसी गमावलेली असते. अठरा वर्षांच्या या कवीने जगज्जेत्याच्या अंगात आपलेच मन घातले होते, असे बहुतेक चरित्रकार मानतात.

६ डिसेंबर १८२८ रोजी एल्मायराचे लग्न अलेक्झांडर शेल्टन या रिचमंडच्या व्यावसायिकाशी झाले. तो सुस्थितीतला आणि प्रतिष्ठित गृहस्थ होता. पोची पत्रे आली होती आणि ती अडवली गेली होती, हे तिला कळले ते लग्न होऊन गेल्यावर. अशा वेळी त्या काळच्या स्त्रीने काय करायचे? जे आपल्याकडे केले जाते तेच तिने केले. संसार केला. चार मुले झाली, त्यांतली दोन जगली.

पोच्या पुढील वीस वर्षांची हकीकत थोडक्यातच सांगते, कारण ती सर्वत्र वाचायला मिळते. १८२९ साली मानलेली आई फ्रान्सिस वारली. तो पोचला तेव्हा तिचे दफन होऊन गेले होते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेतून १८३१ साली तो बडतर्फ झाला. १८३४ साली ॲलन वारला आणि त्याच्या मृत्युपत्रात एडगरचे नावही नव्हते. बाल्टिमोरला त्याची सख्खी आत्या मारिया क्लेम राहत असे. तिने या भाच्याला आसरा दिला आणि मरेपर्यंत त्याला अंतर दिले नाही. १८३६ साली पोने तिच्याच मुलीशी, व्हर्जिनियाशी, लग्न केले. नवरा सत्तावीस वर्षांचा आणि नवरी तेरा वर्षांची. आज हे वाचताना मन अवघडते, आणि ते अवघडावे हेच योग्य.

या सुमारास तो रिचमंडमधल्याच एका मासिकात संपादनाचे काम करीत होता. एके दिवशी एल्मायराने त्याला नव्या पत्नीसह पाहिले. त्या क्षणी आपल्या जिवाची जी कालवाकालव झाली ती सांगता येणार नाही, पण आपण विवाहित आहोत हे आठवून ती भावना तिथल्या तिथे मनाबाहेर काढली, अशा अर्थाचे तिने पुढे लिहिले आहे. दोघे एकाच शहरात होते. परंतु ती पत्रे आता पोचून काही उपयोग नव्हता.

नंतर फिलाडेल्फिया, मग न्यूयॉर्क. १८४१ साली त्याने लिहिलेल्या एका खूनकथेतून गुप्तहेरकथा हा प्रकारच जन्माला आला. होम्सपासून आपल्या मराठी रहस्यकथांच्या नायकांपर्यंत सगळे त्याच वंशातले. जानेवारी १८४५ मध्ये 'द रेव्हन' प्रसिद्ध झाली आणि तो रातोरात सर्वतोमुखी झाला. कीर्ती आली, पैसा आला नाही. व्हर्जिनियाला क्षयाने ग्रासले होते. न्यूयॉर्कजवळच्या फोर्डहॅम येथील लहानशा घरात, कडाक्याच्या थंडीत, गवताच्या गादीवर, नवऱ्याचा जुना लष्करी कोट पांघरून ती पडलेली असे. ऊब यावी म्हणून घरातली मांजर तिच्या छातीशी बसे. ३० जानेवारी १८४७ रोजी ती गेली. तिचे वय चोवीस वर्षांचे होते.

पोच्या साहित्यात सुंदर तरुणी मरतात आणि मागे राहिलेला पुरुष त्यांना विसरू शकत नाही. आई, मानलेली आई, पत्नी अशी एकेक स्त्री त्याच्या आयुष्यातून गेली, हे लक्षात घेतले म्हणजे यात केवळ कल्पनाविलास नाही हे पटते. पण या सर्वांत एक स्त्री जिवंत होती. चार दरवाजे बंद झालेल्या घराचा पाचवा दरवाजा नुसता लोटलेला असावा, तशी ती रिचमंडमध्ये होती. तिचा नवरा १८४४ साली वारला होता. चर्च हिल नावाच्या टेकडीवर, जुन्या सेंट जॉन्स चर्चसमोरच्या घरात, ती दोन मुलांसह राहत होती.

१४ जुलै १८४९ रोजी पो रिचमंडला आला. तेथे येण्यापूर्वी फिलाडेल्फियात दारू आणि आजार यांनी त्याची दशा झाली होती. एका रविवारी सकाळी एल्मायरा चर्चला जायच्या तयारीत होती. कुणी गृहस्थ भेटायला आले आहेत अशी नोकराने वर्दी दिली. ती खाली आली आणि तिने त्याला पाहताक्षणी ओळखले. तो आवेगाने पुढे झाला. आता कादंबरी असती तर येथे काय झाले असते, याची कल्पना आपण सारेच करू शकतो. एल्मायराने त्याला सांगितले, की मी चर्चला निघाले आहे, चर्चच्या आड मी काहीही येऊ देत नाही, तुम्ही पुन्हा केव्हा तरी या.

हा प्रसंग मला फार आवडला. बावीस-तेवीस वर्षांनी दारात आलेल्या माणसाला ती थांबायला लावते. तो भूतकाळातून धावत आला आहे. ती वर्तमानात उभी आहे, आणि त्या वर्तमानात रविवार आहे, मुले आहेत, शेजारपाजार आहे.

तो पुन्हा आला. त्याने लग्नाची गोष्ट काढली. ती हसली. तो गंभीर झाला आणि म्हणाला, की मी थट्टा करीत नाही, पुष्कळ दिवस विचार करून आलो आहे. तेव्हा तीही गंभीर झाली. विचाराला वेळ हवा, असे तिने सांगितले. जे प्रेम वेळ मागते ते माझ्यासाठी नव्हे, असे काहीसे तो बोलून गेला, तरी उठून गेला नाही. बराच वेळ बसला. मग वारंवार येत राहिला.

एल्मायराला वेळ का हवा होता? एक तर नवऱ्याच्या मृत्युपत्रातली अट. तिने पुनर्विवाह केला तर इस्टेटीचा मोठा हिस्सा तिच्या हातून जाणार होता. एक बाप पत्रे अडवून गेला, एक नवरा मरणानंतरही दाराला कडी लावून गेला. दुसरे म्हणजे मुले. दोन्ही मुलांना हा पाहुणा मान्य नव्हता. तिसरे, त्याचे व्यसन गावाला ठाऊक होते. आणि चौथी गोष्टही लपवू नये. पोचे मन त्या दिवसांत एकाच ठिकाणी नव्हते. आदल्याच वर्षी कवयित्री सारा हेलन व्हिटमन हिच्याशी ठरलेले त्याचे लग्न मोडले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या एका विवाहित मैत्रिणीची ओढ त्याला रिचमंडमध्येही होती, हे आत्याला लिहिलेल्या पत्रांत त्यानेच कबूल केले आहे. स्वतःचे मासिक काढण्याचे त्याचे जन्मभराचे स्वप्न होते आणि त्याला भांडवल हवे होते. तेव्हा तो प्रेमासाठी आला, की आधारासाठी, की पैशासाठी? मला वाटते, चाळिशीतल्या पोरक्या माणसाच्या मनात या गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात.

त्याने एक गोष्ट मात्र केली. २७ ऑगस्ट रोजी तो रिचमंडच्या मद्यपानविरोधी संघटनेत दाखल झाला आणि दारू न पिण्याची शपथ घेतली. त्याने शहरात काव्यावर व्याख्याने दिली. एके काळी ज्या गावाने त्याला वारसा नाकारला त्याच गावाने ती ऐकली आणि वाखाणली. २२ सप्टेंबरला एल्मायराने आपण होऊन मारिया क्लेमला पत्र लिहून आपली ओळख करून दिली. होणाऱ्या सासूला लिहावे तसाच त्या पत्राचा सूर आहे. यावरून काय ठरले असावे, याचा अंदाज करता येतो.

२६ सप्टेंबरच्या संध्याकाळी तो तिचा निरोप घ्यायला आला. उत्तरेकडे जाऊन, हातातले काम उरकून, आत्याला रिचमंडला घेऊन यायचे, असा त्याचा बेत होता. तो फार खिन्न होता आणि बरे वाटत नाही म्हणाला. एल्मायराने त्याची नाडी पाहिली. अंगात चांगलाच ताप होता. उद्या तो प्रवासाला निघू शकेल, असे तिला वाटले नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याची चौकशी करायला गेली, तेव्हा पहाटेच्या बोटीने तो बाल्टिमोरला निघून गेला होता.

३ ऑक्टोबरला तो बाल्टिमोरमधल्या एका खानावळीत बेशुद्धीच्या सीमेवर सापडला. त्या दिवशी तेथे निवडणुकीचे मतदान होते. त्याच्या अंगावरचे कपडेही त्याचे नव्हते. मधल्या दिवसांत काय घडले ते आजतागायत कुणाला कळलेले नाही. गुप्तहेरकथेच्या जनकाच्या मृत्यूचे कोडे कुणी सोडवले नाही. इस्पितळात चार दिवस भ्रमात काढून रविवारी, ७ ऑक्टोबर १८४९ रोजी, तो वारला. त्याच्या दफनाला बोटांवर मोजता येतील इतकी माणसे होती. दोनच दिवसांनी एका प्रतिस्पर्ध्याने टोपणनावाने मृत्युलेख लिहून त्याची यथेच्छ निंदा केली, आणि जगाने पुढे कित्येक वर्षे तीच प्रतिमा खरी मानली. आमचे परीक्षेतले तिसरे वाक्य, दारूपायी वाया गेलेला प्रतिभावंत, बरेचसे तिथूनच आले आहे.

येथे मी पुस्तक मिटले होते. आता आत्याच्या प्रश्नाकडे वळते.

त्याच महिन्यात एल्मायराने मारिया क्लेमला दुसरे पत्र लिहिले. त्यात तिने आवरून धरलेले काहीच राहिले नाही. पृथ्वीवर त्याच्याइतके प्रिय आपल्याला दुसरे काही नव्हते, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर तिने तोंड मिटले. पो जसजसा प्रसिद्ध होत गेला तसतसे लोक तिच्याकडे येऊ लागले. ती बहुधा काही सांगत नसे. १८७५ साली, बाल्टिमोरला त्याचे स्मारक उभे राहिले त्या वर्षी, रिचमंडचे शिल्पकार एडवर्ड व्हॅलेंटाइन यांच्याशी ती बोलली. आमचे लग्न ठरले होते असे म्हणता येणार नाही, काहीसे समजून घेतलेले होते, पण मी त्याच्याशी कोणत्याही परिस्थितीत लग्न केले असते असे वाटत नाही, असे तिने तेव्हा सांगितले. तिने पुन्हा लग्न केले नाही. १८८८ साली ती वारली. पोनंतर अडतीस वर्षांहून थोडा अधिक काळ ती जगली.

यातले खरे कोणते? १८४९ चे पत्र, की १८७५ चे बोलणे? काही अभ्यासक म्हणतात, की लोकलाजेने तिने पुढे नाकारले. काही म्हणतात, पत्र दुःखाच्या भरात लिहिले गेले. मला दोन्ही खरी वाटतात. एकोणचाळीस वर्षांची विधवा आणि पासष्टीची आजी यांनी एकाच प्रश्नाला दिलेली ती दोन उत्तरे आहेत. दुसरी संधी म्हणजे पहिलीच संधी परत येणे, असे आपण समजतो. तसे नसते. पहिल्या वेळी फक्त एक बाप आडवा आला होता. दुसऱ्या वेळी मधली सगळी वर्षेच बरोबर आली होती, आणि ती कुणालाच अडवता येण्यासारखी नव्हती. म्हणून त्या रविवारी चर्चला निघून गेलेली एल्मायरा मला निष्ठुर वाटत नाही. ती विचार करीत होती. तिच्या हयातीत प्रथमच निर्णय तिचा तिने घ्यायचा होता. तो घेण्यापुरता वेळ तिला मिळाला नाही, एवढीच या कथेतली शोकांतिका आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी हे सगळे आत्याला सांगितले. तिने सूप मांडीवरच ठेवले होते. मला वाटले, ती त्या दोन उत्तरांविषयी काही म्हणेल. तिने एवढेच विचारले, की जायच्या आदल्या रात्री त्या बाईने त्याची नाडी पाहिली होती ना? मी हो म्हटले. मग तिने खडे बाजूला काढले आणि तांदूळ धुवायला आत गेली.